अंगठ्याचं कुंकू

वहिनी, काल तुमच्या शोकसभेत निम्मा वेळ माझीच स्तुती चालली होती.

हेडमास्तर म्हणाले, असा कलावंत दीर पाठीशी होता म्हणून बाईंचं नाव झालं. एक वकील म्हणाले, बाईंना प्रवासाचा विलक्षण नाद, सोलापुरात त्यांचा पाय म्हणून ठरत नसे. तुम्ही असता तर पदर तोंडाला लावून हसला असता. शेवटी आभार मानायला मला उभं केलं. आभार राहिले बाजूला. मी म्हणालो, "माळशिरसकडच्या इनामदारांच्या सूनबाईंचं जे चित्र पुण्याच्या प्रदर्शनात माझ्या नावावर लागलं, ज्याचं पदक मला मिळालं, ते मी काढलेलं नाही. ते वहिनींचं. आणि त्या मुलूखभर फिरल्या, ते केवळ नादापायी नव्हे. माझ्या करणीमुळे इथली दारं त्यांना बंद झाली होती." एवढं बोलून मी खाली बसलो.

आज सकाळी गिरणीचा भोंगा झाला तेव्हा मी अजून झोपलेलो होतो. उठून भाकरी खाल्ली तर शेंगांची चटणी तिखट लागली. किती दिवसांनी तिखट लागली म्हणून सांगू. कालच्या सभेनंतर काय झालं तेही सांगायचं आहे, पण तुमच्याशी पहिल्यापासून नीट बोलू द्या. तुम्ही समोर होता तेव्हा ते जमलं नाही.

आमचा थोरला अण्णा गेला तेव्हा तुम्ही विशीतही नव्हता. वडिलांनी न्हाव्याला दारात येऊ दिलं नाही, एवढा त्यांनी गावाचा विरोध पत्करला. बाकी तुमच्या वाट्याला आलं ते स्वयंपाकघर. मी शाळेत ड्रॉइंगमास्तर. संध्याकाळी झोपाळ्यावर बसून मुलांचे कागद तपासायचो. एकदा चहा ठेवायला आलात आणि एका मुलाने काढलेल्या तांब्याकडे बघून म्हणालात, "भावजी, ह्यात पाणी भरलं तर सांडेल."

"का बरं?"

"तोंड सरळ आहे, पण बूड कललंय."

तेच मी मुलांना शिकवून शिकवून थकलो होतो. त्या दिवशी मी तुम्हाला पेन्सिल दिली. जवळची वस्तू मोठी, लांबची लहान, उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, जे मला येत होतं ते सगळं सांगितलं. वर्ष-दीड वर्षात सांगण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा मला तुमचा अभिमान वाटला होता. सगळंच वाईट लिहून बसलो तर तेही खोटं ठरेल, म्हणून हे लिहून ठेवतो.

पुढे अक्कलकोटच्या बाजूच्या एका घराण्याने लेकीचं तैलचित्र काढायला मला बोलावलं. मी गेलो आणि सोप्यावरूनच परत फिरलो, कारण घरात गोषा होता. परक्या पुरुषासमोर त्यांच्या बायका बसणार कशा? मी म्हणालो, आमच्या वहिनी काढतील. तुम्ही आत गेलात, तर घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी तुमच्या पांढऱ्या कपाळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रंगवू द्या. पण सवाष्णीच्या कुंकवाला ह्यांचा हात नको."

बाहेर माझ्या कानावर ते आलं आणि मी चपला पायांत सारल्या. तुमचा आवाज मात्र जसाच्या तसा. "बरोबर आहे. मग कुंकू तुम्हीच लावा." चेहरा पुरा झाल्यावर तुम्ही ताटलीत तांबडा रंग कालवला आणि त्या म्हाताऱ्या बाईंनी त्यात अंगठा बुडवून चित्राच्या कपाळावर टेकवला.

तेव्हापासून तुमची तीच रीत झाली. चित्र संपायच्या दिवशी घरातल्या कुणातरी सवाष्णीने अंगठा उठवायचा. कुणी उठवायचा यावरून जावाजावांत भांडणं लागायची, आतला हशा सोप्यापर्यंत यायचा. अपमान म्हणून समोर आलेली गोष्ट तुम्ही त्या बायकांचा सण करून टाकलीत. मला हे कधी जमलं नसतं. मी चपला घालून निघालो असतो.

सोबत म्हणून मी असायचोच. विजापूर, गुलबर्गा, धारवाड, हैद्राबाद. तुम्ही आत रंगवायचात, मी बाहेर बसून पान खायचो. घरचे पुरुष मलाच विचारायचे, "काय मास्तर, कुठवर आलं चित्र?" आणि मी सांगायचो, "झालं, हात तेवढे राहिलेत." जणू ब्रश माझ्याच हातात होता. गुलबर्ग्याचा तो टांगेवाला तुम्हाला आठवत असेल. माझ्या हातातली पेटी काढून घेत म्हणाला होता, "पेंटरसाब, तुम नक्को उठाओ, मैं लेतूं." तुम्ही पदराआडून म्हणालात, "उठाने दो उनकू. दिनभर बैठेच थे." टांगेवाला स्टेशनपर्यंत हसत होता. मीही हसलो, पण ते मला लागलं होतं, वहिनी. किती लागलं होतं ते पुढे कळलं.

आपला वाद तर कधीच मिटला नाही. हैद्राबादेतल्या एका आजीबाईंच्या हातावर भाजल्याचा डाग होता, तो तुम्ही जसाच्या तसा काढलात. मी म्हणालो, असलं वगळावं, चित्र शोभेसाठी असतं. तुम्ही म्हणालात, "भावजी, तुमच्या चित्रातली माणसं लग्नाला निघाल्यासारखी दिसतात. कधीतरी त्यांना घरी बसू द्या." गाडीत होटगीपर्यंत आपण भांडलो. शेवटी तुम्ही पुरचुंडीतली कडक भाकरी माझ्यापुढे मोडलीत आणि म्हणालात, "खा आता, तोंड दुसऱ्या कामाला लावा."

आता त्या चित्राचं.

इनामदारांची नवी सून सुंदराबाई, माहेर दुधनीचं. सासू आक्कासाहेब. तुम्ही महिनाभर माळशिरसच्या बाजूला राहून चित्र केलंत, आक्कासाहेबांनी अंगठा उठवला आणि वाळवून, व्हार्निश देऊन, चौकट घालायला ते आपण सोलापूरला आणलं. तेवढ्यात तुम्हाला इंदूरचं बोलावणं आलं. माझ्या शाळेत परीक्षा, म्हणून सोबतीला आमची मंडळी गेली. चित्र माझ्या खोलीत भिंतीला टेकून उभं होतं.

सुंदराबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं, पाहणं शक्यच नव्हतं. पण रोज सकाळी ती मुलगी माझ्याकडे बघायची. खरं तर माझ्या मागे कुणीतरी उभं आहे आणि त्याने काहीतरी खुळ्यासारखं केलंय, असं तिचं बघणं होतं; हसू अजून ओठांवर यायचं होतं. मी तुमच्याहून आधी चित्र शिकलो, पण माझ्या चित्रातलं कुणी कधी असं हसायच्या बेतात नव्हतं. आणि त्या चेहऱ्यावर तेवढंच एक खटकायचं. आक्कासाहेबांचा अंगठा घसरला होता. कुंकू डाव्या भुवईकडे तिरकं गेलं होतं.

प्रदर्शनाची जाहिरात आली तेव्हा तुमच्या नावाने चित्र पाठवावं, एवढंच माझ्या मनात होतं. पाठवण्याआधी ते कुंकू नीट करावं म्हणून मी ब्रश घेतला आणि तिरक्या ठशावर छान वाटोळं, मध्यभागी, नाटकातल्या राणीसारखं कुंकू काढलं. माझा ब्रश एकदा त्या चित्राला लागला आणि ते थोडं माझंही झालं असं वाटलं. प्रदर्शनाच्या अर्जावर नाव घालायची वेळ आली तेव्हा मी माझंच घातलं. शिकवलं मी, बाईमाणसाच्या नावाला विचारतो कोण, अशा सबबी नंतर जमवल्या. त्या क्षणी एकच गोष्ट खरी होती. माझी स्वतःची चित्रं त्या प्रदर्शनातून दोनदा परत आली होती आणि हे परत येणार नाही, हे मला ठाऊक होतं.

ते परत आलं नाही. पदक आलं.

इनामदारांच्या भावकीतल्या कुणी पुण्यात ते पाहिलं. आपल्या घरच्या सुनेचा चेहरा, खाली चिठ्ठीवर पुरुषाचं नाव, आणि कपाळावर घरच्या सवाष्णीचा अंगठा नव्हे तर ब्रशने कोरलेलं कुंकू. बातमी चित्राच्या आधी गावी पोचली. परक्या पुरुषाने सून समोर बसवली आणि तिच्या कपाळाला कुंकूही त्यानेच लावलं. मास्तर सोप्यावर बसायचा की आत, असं भावकी इनामदारांना तोंडावर विचारू लागली. घरातल्या बायका सांगत होत्या, पण बायकांची साक्ष कोण धरतो? सुंदराबाईंना दुधनीला माहेरी धाडलं.

तुम्ही इंदूरहून आलात, आणि टांग्यातून उतरायच्या आत शेजारणीने तुम्हाला सगळं सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, "चित्र कुठंय?" पुण्याहून आलं होतं तसं बांधलेलं मी पुढे केलं. तुम्ही सोडून बघितलंत. मी ओरडा ऐकायला तयार होतो. तुम्ही म्हणालात, "कुंकू गोल नसतं कुणाचं, भावजी."

बस. त्यानंतर आयुष्यभर त्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चित्र चादरीत गुंडाळून सर्व्हिस मोटारीला निघालात. मी नेहमीसारखी टोपी घालून, छत्री घेऊन दारात उभा. तुम्ही म्हणालात, "तुम्ही बसा." आणि पहिल्यांदाच एकट्या गेलात. मी टोपी घालूनच झोपाळ्यावर बसलो. दुपारी जेवायला वाढलं तरी ती डोक्यावर होती.

तिथे तुम्ही काय सांगितलंत ते मला महिन्याभराने फिरून फिरून कळलं. नाव लिहिण्यात प्रदर्शनवाल्यांची चूक झाली, आणि कुंकू मीच नीट केलं, मला मोह आवरला नाही, असं तुम्ही म्हणालात. विधवेने सवाष्णीच्या कुंकवाला हात लावला, हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने कबूल केलंत. सुंदराबाई आठवड्यात सासरी आल्या. तुम्हाला मात्र माळशिरसपासून अक्कलकोटपर्यंत, आपल्या सोलापुरातल्या पेठांतूनसुद्धा, पुन्हा कुणी बोलावलं नाही. जी रीत तुम्ही घातलीत ती तुम्हीच मोडलीत, असं लोकांनी धरलं. माळशिरसला ती नावाची चूक राहिली आणि सोलापुरात ते माझं पदक राहिलं. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सुखाने नांदल्या.

मग तुम्ही लांब गेलात, जिथे ही कथा पोचली नव्हती. बडोदा, काठेवाड, म्हैसूर. मार्शल लॉच्या दिवसांत आम्ही इथे दारं लावून बसलो होतो, तुम्ही बडोद्याला कुणाच्या तरी सात मुलींना ओळीने रंगवत होता. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेपुरत्या तुम्ही परत यायचात. नंदीध्वज बघायला माडीवर उभ्या राहायचात आणि वर्षभराच्या गोष्टी सांगायचात. द्वारकेला समुद्रात गुडघाभर उतरलात, लुगडं भिजलं, तशाच देवळात गेलात आणि पुजाऱ्याला म्हणालात, देवाच्याच पाण्याने भिजले, त्यालाच विचारा. घर हसायचं. मी मात्र एकेक गाव मोजायचो. हे गाव माझ्यामुळे, हेही माझ्यामुळे, असं मी मनात म्हणायचो. तुम्ही खरोखर आनंदाने सांगत होता की मला दुखू नये म्हणून, हे विचारायची छाती झाली नाही.

शेवटच्या दुखण्यात एका दुपारी मी उशाशी बसलो. म्हणालो, "वहिनी, त्या चित्राचं मला..." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "भावजी, खिडकी उघडा. उजेड अडलाय." मी खिडकी उघडली आणि पुढचं वाक्य गिळलं. तुम्ही मला थांबवलंत की तुम्हाला खरंच उजेड हवा होता, यावर गेले पंधरा दिवस विचार केला. आता वाटतं, उजेडच हवा होता. तुम्हाला माझ्या पश्चात्तापापेक्षा तो केव्हाही जास्त लागायचा.

तर काल मी बोलून खाली बसलो. हेडमास्तर खाकरले. वकिलांनी घड्याळ काढून पाहिलं. बायकांसाठी चिकाचा पडदा सोडला होता, त्याच्यामागून कुणीतरी हलकेच हसलं. सभा मोडल्यावर एक कुणबीण आली. "मास्तर, बाईसाहेब बोलवत्यात. चित्राच्या वर्गात हायेत."

वर्गात मुलांच्या बाकांमध्ये एक बाई उभ्या होत्या, पदर हनुवटीपर्यंत. "मी सुंदरा," त्या म्हणाल्या. "लई उशीर केला की तुमी, मास्तर."

माझे हात जोडले गेले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"घ्या. महिनाभर बाईंच्या म्होरं कोन बसलं हुतं? मीच न्हवं?"

"आणि कुंकवाचं?"

"बाई आमच्यात जेवायला बसल्या तर ताटसुदिक बाजूला मांडून घ्यायच्या, कुनाला वंगाळ वाटू नये म्हनून. त्या कुंकवाला हात लावतील व्हय? सासूबाई त्याच दिशी म्हनल्या, ही बाई दुसऱ्याचं आपल्या डोईवर घेतीया. पर भावकीला कायतरी ऐकायचं हुतं. बाईंनी ते ऐकवलं."

"मग पुन्हा का नाही बोलावलंत त्यांना?"

"ते आमचं चुकलं. भावकीम्होरं सासूबाईंचा धीर झाला न्हाय, माझा तर न्हाईच न्हाई. समदं वझं तुमी एकटं कशापायी उचलता? आमचंबी हाय की त्यात."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. हैद्राबादच्या गाडीने जाता-येता तुम्ही दुधनीला उतरायचात. सुंदराबाई माहेरी असल्या की तुम्ही दोन-दोन दिवस राहायचात. मी विचारलं, तिथे काय करायच्या?

"काय करनार? खायाच्या, झोपायच्या, आमच्या आईसंगं कानडीत भांडायच्या. आईला म्हनायच्या, माझ्या दिराला कळू देऊ नका, त्यो सोबतीला येतो म्हनंल."

मी बाकावर बसलो. हसू आलं. तुमच्या जाण्यानंतर पहिल्यांदा.

"तुमचं कुंकूबी त्याच दिशी गेलं," त्या म्हणाल्या. "बाईंनी आमच्याम्होरं टर्पिंटाईननं पुसलं. माझी चूक मीच पुसते म्हनल्या. खाली सासूबाईंचा अंगठा जसाच्या तसा. चित्र आजबी तसंच हाय."

इतकी वर्षं मी ते वाटोळं कुंकू त्या भिंतीवर टांगलेलं बघत होतो, वहिनी. डोळे मिटले की तेच दिसायचं. आणि ते तिथे नव्हतंच.

मी खिशातून पदक काढलं. त्यांनी पदराआडूनच विचारलं, "ह्याच्यावर नाव कुनाचं?"

"माझं."

"मग ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. आमाला काय करायचंय?" आणि मग म्हणाल्या, "एवढा बोभाटा झाला, मास्तरनं सुनेचं तोंड रंगवलं म्हनून. तुमी बघितलं हुतं कुटं? आता बघा एकदा." आणि त्यांनी पदर मागे सारला.

तिशीच्या पुढचा चेहरा, जरा भरलेला. पण बघणं तेच. माझ्या मागे कुणीतरी उभं आहे असं. आणि कपाळावर त्यांनी स्वतः सकाळी लावलेलं कुंकू डाव्या भुवईकडे तिरकं गेलं होतं.

मी बघतच राहिलो, तर त्या म्हणाल्या, "रोज तिकडंच जातं. सासूबाई म्हनायच्या, हिच्या माहेरी आरसाच वाकडा हाय."

आक्कासाहेबांचा अंगठा घसरला नव्हता. त्यांनी सुनेच्या कपाळावर रोज दिसायचं तिथेच कुंकू टेकवलं होतं. तुम्ही ते बघितलं होतंत, म्हणून तसंच राहू दिलंत. मी मात्र न बघितलेल्या बाईला नीटनेटकं करायला गेलो. होटगीपर्यंतचं भांडण मी हरलो, वहिनी. भाजल्याच्या डागाचंसुद्धा. हरल्याचं इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

निघताना सुंदराबाई म्हणाल्या, "चित्रावर कुनाचंच नाव न्हाय. येऊन लिवा. अक्षर बरं हाय म्हनं तुमचं."

आपल्या घरात तुमचं नाव कुणी घेतलं नाही. लहानांच्या तुम्ही काकू, मोठ्यांच्या सूनबाई, माझ्या वहिनी. चित्रावर नाव घालायचं तुम्हालाही कधी सुचलं नाही आणि मी कधी सुचवलं नाही. आज सकाळी तुमची पेटी उघडली, सगळ्यात बारीक ब्रश काढला आणि कागदावर लिहून बघितलं. भागीरथी. पहिल्यांदा फार मोठं झालं, मग फार सरळ. आमची मंडळी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "हे कुणाचं नाव गिरवताय?"

"चित्रं काढणारीचं," मी म्हणालो.

सोमवारी सर्व्हिस मोटारीने माळशिरसला निघणार आहे. टोपी खुंटीवर काढून ठेवलीय. या वेळी 'तुम्ही बसा' म्हणू नका, वहिनी. मी येतोय.